चालत्या घरातला मुक्काम

मॉस्को, ४ मार्च १९३८

ती. इनोकेन्तीदादास झोयाचा शि. सा. न. वि. वि.

खोकला सोडला तर आई ठणठणीत आहे. बातमी अशी की आमचं घर हलणार. आम्ही नाही, घरच. रस्ता तिप्पट रुंद करून दुतर्फा राजवाड्यांना लाजवतील अशा इमारती उठवायच्यात. आमचं चार मजली घर आडवं येतं, म्हणून ते पायापासून कापून, रुळांवर चढवून पन्नास मीटर मागे सरकवणार. माणसं आतच राहणार. कोबीचं सूप सांडेल का, असं आईने विचारलं, तर इंजिनिअरने नाही म्हणून लेखी दिलं.

सहा वर्षांत तिने तुझं तोंड पाहिलेलं नाही. एकदा येऊन जा. पत्र नेहमीप्रमाणे टपालात न टाकता तुमच्या गावाहून येणाऱ्या दूधवालीच्या हाती देतेय.

लोभ मात्र जागचा हलू देऊ नकोस.

तुझी झोया

अलेक्सांद्रोव्ह, ९ मार्च

चि. झोयास अनेक आशीर्वाद.

येऊ कसा, बाई? कैद्यांच्या छावणीतून सुटलेल्याने राजधानीपासून शंभर किलोमीटर लांब राहायचं. मॉस्कोतल्या कुठल्याही पत्त्यावर सापडलो की परत उत्तरेत रवानगी. आईला सांग, मी कामात आहे. तिच्या हातचं खावंसं फार वाटतं, ते सांगू नकोस.

तुझा दादा

मॉस्को, १४ मार्च

ती. दादास शि. सा. न.

मी दोन्ही सांगितलं. तेवढ्यात घराचे व्यवस्थापक फादेय लुकिच टपाल बंदची नोटीस घेऊन आले. हलत्या घराला पत्ता नसतो, जुना रद्द आणि नवा पोचल्यावर. आईने विचारलं, पत्ताच नाही तर माझा मुलगा सापडणार कुठल्या पत्त्यावर? त्यांनी नियमावली दोनदा चाळली आणि हरकत सापडत नाही म्हणाले. सोमवारी एकवीसला सकाळी घर निघतंय. मागून धावत आलास तरी सहज गाठशील.

वाट पाहणारी झोया

मॉस्को, २६ मार्च

ती. दादास शि. सा. न.

तू खिडकीतून उतरलास आणि तासाभरात घर थांबलं. लगेच नव्या पत्त्याची पाटी ठोकली. तू घरात होतास ते तीन दिवस आई इतकी हसली की खोकायची विसरली. आता पुन्हा खोकते, आणि मला रडू येतं.

काल तिने अर्ज दिला की घर असंच पुढे अलेक्सांद्रोव्हपर्यंत सरकवावं. फादेय लुकिचनी हिशेब करून सांगितलं की या वेगाने सोळा वर्षं लागतील. आई म्हणाली, हरकत नाही, तोवर तो घरातच राहील.

तुझ्या लोभातली झोया