ठमाबाईचा धवला

रेवदंडा,
२ मार्च १९५७

तीर्थरूप आईस,
खाडीकाठाहून तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

माझा खोकला जवळजवळ गेला. जेवणात ताजे मासे असतात, काळजी नसावी. तुझा गुडघा कसा आहे?

काल जे ऐकलं, त्यानं अजून अंगावर काटा आहे. इथल्या कोळीवाड्यात धवलारीण गाणी गाऊन लग्न लावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ठमाबाई या म्हाताऱ्या धवलारणीपुढे मी रेकॉर्डिंगचं यंत्र मांडलं, तर ती म्हणाली, "लगीन न्हाय, तं धवला कुनाचा गाऊ?" मग हसली. "तुजाच गाते. आयसचं नाव काय?"

"द्वारका," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटून आवाज लावला. अंगणातल्या बायकांनी मागून सूर धरला. गाण्यात नवऱ्याची आई द्वारका मांडवात आली, तिनं सूर्याला बोलावलं, समुद्रालाही बोलावलं. बाबा गेल्यापासून तुझं नाव इतक्या मानानं कुणी घेतलंच नव्हतं. यंत्र चालू होतं, पण मला त्याकडे बघायचंही सुचेना.

नंतर कळलं, ठमाबाई ऐन तरुणपणी विधवा झाली. मी चाचरत विचारलं, "मांडवात कुणी अडवत नाही?"

"कोन अडवील? लगीन मीच लावते न्हाय का!"

आई, तुझ्याच लेकीच्या, मंदाच्या लग्नात तू मागच्या खोलीत बसायचं, असं काकांनी ठरवलंय ना? या धवल्याची फीत घेऊन येतो. आधी त्यांना ऐकवीन, मग तुझा हात धरून तुला मांडवात नेईन. तेव्हा नाही म्हणू नकोस.

तुझा,
दिगंबर