तू विचारलंस म्हणून

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय सूनबाई,

तुला आणि बाळाला अनेक आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला हवापाणी लिहावं, असं शाळेत सिस्टर शिकवायच्या. तर हवा छान आहे, मी ठीक आहे आणि स्वयंपाकघरातला नळ एकदाचा गळायचा थांबलाय.

रविवारी तू पुन्हा बाळाला घेऊन आलीस. गाडीची काच बंदच. मी बाहेरून टिचक्या वाजवल्या, त्यानं जांभई दिली. ‘ज्यानं डांग्या खोकल्याची लस घेतली नाही, त्याच्या हातात बाळ देणार नाही,’ म्हणाली होतीस, त्यावरून तसूभरही हलली नाहीस. तरी दर रविवारी येतेस. आमचे चिरंजीव फोनवर ओरडतात, “आई, शिकली-सवरलेली ना तू?” फिरायला येणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, “सुनेनं नाचवायचं नि तू नाचायचं? आपली पोरं नाही वाढली?” मी लस घेणार नाही म्हटल्यापासून त्यांच्यात माझा मान केवढा वाढला होता!

तू मात्र गाडीतून उतरून एवढंच विचारलंस, “आई, बाबांच्या वेळी नेमकं काय झालं होतं?”

मी म्हटलं, “काही नाही गं, मला औषधांची ॲलर्जी आहे.”

कसली ॲलर्जी! शाळेत टोचायला यायचे तेव्हा बाही वर करून मी सगळ्यांच्या पुढे.

ह्यांना फ्लूची लस द्यायला मीच नेलं होतं. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत होते. त्याच आठवड्यात गेले. हृदय आधीपासूनच कमजोर होतं, लशीचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी नीट समजावलं. मला ते तेव्हाच पटलं होतं. पण लशीला दोष दिला की कुणावर तरी रागावता यायचं गं. आणि रागात असलं की रडू येत नाही.

इतक्या वर्षांत समजावलं सगळ्यांनी. विचारलं फक्त तू. सासूपुढे इतकं ठाम राहायचं आणि तरी मनात राग न ठेवता तिच्या दारी यायचं, हे तुझ्या वयात मला जमलं नसतं.

काल दवाखान्यात गेले. टोचल्यावर थोडा वेळ बाहेरच्या बाकावर बसवतात. तिथे ह्यांच्यासाठी रडले, पहिल्यांदाच. नर्स बिचारी घाबरली, “आजी, एवढं दुखलं?”

लस अंगी लागायला दोन आठवडे जातात म्हणे. तोवर बाळ तुझ्याच कुशीत राहू दे. तू मात्र त्याआधी ये, एकटी. मला कुणाशी तरी ह्यांच्याबद्दल बोलायचंय.

तुझ्यापुढे हरल्याचं सुख झालेली,
तुझी आई