ट्रकच्या मागचं अंतर

१२ जाने., सोम.
अकरावीला सरळ रेषेतली गती पुन्हा घेतली. चालत्या ट्रकवरून कोळशाचा ढेला पडला तर कुठे पडेल? अर्धा वर्ग म्हणे सरळ खाली, उरलेला म्हणे मागे. अरे, ट्रकचा वेग त्यालाही असतो, तो पुढे जात-जातच पडतो. घसा बसला सांगून. शेवटी एकाने विचारलं, "मॅडम, पेपरात काय लिहाचं?" घुग्घुसची पोरं ही. जन्मापासून ट्रकवरून कोळसा पडताना बघतायत.

घरी प्रमोद, नवरा नावाचा जुना विद्यार्थी. आजही खाणीतून ट्रकच्या बुडाला चिकटून मोटरसायकल हाणत आला. म्हणे तिथे धूळ लागत नाही, ती डोक्यावरून मागे जाते.

१४ जाने., बुध.
संध्याकाळी मोरेश्वरभाऊ चहाला. शेजारी, खाणीत प्रमोदच्याच पाळीत. मी पुन्हा तेच पुराण लावलं. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. तू ट्रकपासून तीन मीटरवर. ढेला पडला तर ब्रेक सुचायच्या आत चाकाखाली. वीस मीटर तरी ठेव. प्रमोदचं उत्तर ठरलेलं, "तू एकदा चिकटून चालून पाह्य, मंग सांग." हा माणूस माझ्याच घरात माझाच विषय मला नापास करतो.

पण मोरेश्वरभाऊंनी दोनदा समजून घेतलं. म्हणाले, "वहिनीचं बरोबर हाये. उद्यापासून मी लांबच राह्यतो." इतक्या वर्षांत कुणीतरी ऐकलं. खरंच बरं वाटलं.

१७ जाने., शनि.
प्रमोद येतो तो बऱ्यापैकी स्वच्छ. मागून मोरेश्वरभाऊ येतात ते नुसते दोन डोळे. त्यांच्या बायकोने, सुनंदाबाईंनी, कपडे धुताना मला ऐकू जाईल अशी कुरकुर केली. प्रमोद हसून-हसून बेजार. मी म्हटलं, काळं तोंड धुता येतं, फुटलेलं डोकं नाही. म्हटलं आणि स्वतःवरच खूश झाले.

२० जाने., मंगळ.
ट्रकवरची ताडपत्री खाणीच्या नाक्यापर्यंतच बांधलेली, पुढे फडफडत. पाण्याचा टँकर कुणी साहेब येणार असला तरच रस्त्यावर पाणी मारतो. आणि मी अंतराची गणितं सांगत बसलेय. डोकं उठलंय.

२२ जाने., गुरु.
पहिली पाळी सुटल्यावर वळणावर ढेला पडला. चांगला घमेल्याएवढा. प्रमोद ट्रकला चिकटलेला, त्याच्या गुडघ्याजवळून गेला. मागे मोरेश्वरभाऊ. त्यांच्या गाडीचं पुढचं चाक ढेल्यावर चढलं. पाय दोन ठिकाणी मोडला, खांद्याचं हाड गेलं. चंद्रपूरला नेलंय.

रात्री प्रमोद आला, जेवला नाही. एवढंच म्हणाला, "मी जवळ होतो म्हून वाचलो." मी केवढ्याने ओरडले. योगायोग आहे हा, नुसता योगायोग. त्याने वाद घातला नाही, त्याचा जास्त राग आला.

मग पुन्हा गणित मांडलं. आकडा न् आकडा बरोबर. फक्त गणित सुरू होतं ते समोरचं दिसल्यापासून. त्या धुळीत सहा-सात मीटरच्या पुढे काय दिसतं? वीस मीटर अंतर आणि सहा मीटर नजर. पुस्तकात दर उदाहरणाखाली असतंच, हवेचा विचार करू नये. घुग्घुसला हवेचा विचार करू नये!

२५ जाने., रवि.
दवाखान्यात गेलो. भाऊ शुद्धीवर, पायात सळ्या. "दिसलंच नाई वहिनी." समजूत मलाच घालत होते. सुनंदाबाई बाहेर व्हरांड्यात. नेलेला डबा घेतला नाही. "तुमचंच आयकून राह्यले होते ते," म्हणाल्या, तेही भिंतीकडे बघत. मला रडूही येईना. राग कुणावर काढायचा? ताडपत्रीवर, टँकरवर, प्रमोदवर, सगळ्यांवर काढून झाला. उरले मीच.

२८ जाने., बुध.
वर्गात तेच प्रकरण. बाकावरून आवाज, "मॅडम, मंग किती अंतर ठेवाचं?" म्हटलं, परीक्षेला येत नाही, पुढचं घ्या. असं कधी बोलले नव्हते मी.

प्रमोद सुटीवर होता, उद्यापासून पुन्हा पाळी.

२९ जाने., गुरु.
सकाळी प्रमोदने गाडी काढली आणि चालू न करता उभा राहिला. थट्टा नाही, काही नाही. "आता तूच सांग. किती लांब ठेवू?"

या एका प्रश्नासाठी लग्नापासून भांडतेय मी. म्हटलं, ट्रक पुढे जाऊ दे, धूळ बसली की निघ. तो म्हणाला, "धूळ बसाच्या आंधी मांगून दुसरा ट्रक येते ना." चिडून नाही म्हणाला. वाट बघत राहिला, उत्तर घेतल्याशिवाय जायचंच नाही असा.

मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. तो बरं म्हणाला आणि गेला.

सकाळपासून कागद घेऊन बसलेय.