लिहून देणार, लिहून घेणार

अण्णा, घोडेगावातलं आपलं घर मी विकत घेतलं. परवा खरेदीखत नोंदवलं. तुम्ही असता तर पहिलं विचारलं असतंत, "लिहून घेणार कोण?" तर लिहून घेणार मी. आणि लिहून देणार तुमचा लेक. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी हौस काही फिटेना, म्हणून लिहायला बसले.

कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुमचं टेबल होतं. दस्त लिहायचं काम. आहुप्याकडची, शिनोलीची माणसं सकाळच्या एसटीने उतरायची आणि थेट तुमच्यापुढे येऊन उभी राहायची. बारावी झाल्यावर मला तुम्ही टायपिंगच्या मशीनवर बसवलंत. तुम्ही डोळे मिटून सांगायचात, मी टाइप करायचे. जागा सोडणारा तो लिहून देणार आणि जागा मिळणारा तो लिहून घेणार, हे तिथेच शिकले. एकदा एका म्हाताऱ्याच्या दस्तात चतुःसीमा लिहिताना मी उत्तरेच्या जागी दक्षिण टाइप केली, तर तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांदेखत कागद माझ्या अंगावर फेकलात. "माणूस मरून जातंय, दस्त राहतोय. चूक चालायची न्हाई." पुन्हा माझी चूक झाली नाही. कौतुक तुम्ही एकदाच केलंत, तेही मला नाही, चहावाल्याला सांगितलंत, "पोरीचा हात लई साफ हाय." ते मी अजून विसरलेले नाही, याचाही मला राग येतो.

माझं लग्न ठरलं तेव्हा नवा कायदा येऊन फार दिवस झाले नव्हते. लग्न न झालेल्या लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत लेकाइतकाच वाटा. लोक तुम्हालाच विचारायला यायचे आणि तुम्ही त्यांना नीट समजावून द्यायचात. म्हणजे आजोबांच्या घरात माझा किती हक्क झाला, हे आपल्या घरात सगळ्यात आधी तुम्हाला कळलं होतं. माझ्यापाशी मात्र तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

साखरपुड्यानंतरची दुपार. तुम्ही सांगताय, मी टाइप करतेय. हक्कसोडपत्र आहे, बहीण भावाला हक्क सोडून देतेय, रोजचंच काम. नावांची जागा तुम्ही मोकळी ठेवायला लावलीय. पूर्वेस गावचा रस्ता, पश्चिमेस विहीर, दक्षिणेस सामाईक खळं. माझी बोटं थांबतात. हे तर आपलं घर. तुम्ही डोळे उघडत नाही. "थांबलीस का? फुडं घे. राजीखुशीनं, कुनाच्याबी दडपणाशिवाय." मी विचारते, "अण्णा, ह्ये माझं हाय व्हय?" तुम्ही म्हणता, "लेकी लिहून देणारच असत्यात. भाऊ हाय तवर माहेर हाय." मी पुढे घेते. दोन दिवसांनी सही केली आणि कचेरीच्या पायरीवरच तुम्ही माझ्या हातावर हिरवी साडी आणि खण ठेवलात. त्या दस्तात एकही चूक नव्हती.

तेव्हापासून दातओठ खात होते. आता त्याच कचेरीसमोर माझं कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं दुकान आहे, तालुक्यातले निम्मे दस्त माझ्याकडे टाइप होतात. भाऊ चाकणला राहायला गेला, घर विकायला काढलं. मी घेते म्हटल्यावर आधी हसला. मग म्हणाला, "ताई, दस्तात सरकारी दराएवढीच किंमत दाखवू, वरचे रोख दे. तुझाच स्टॅम्प वाचंल." ही शिकवण तुमचीच. मी म्हटलं, "पै न् पै दस्तात येईल. मुद्रांक माझा मी भरीन, तुझा टॅक्स तुझा तू भर." त्याचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरावर कुणाचा दावा नाही ना, हे बघायला वकिलाकडून जुन्या नोंदी काढल्या. वकील पोरगेला, पुण्याहून आलेला, माझं माहेरचं नाव त्याला काय ठाऊक. मला म्हणतो, "मॅडम, पूर्वी एक बहीण होती, पण तिने हक्क सोडलाय. काही अडचण नाही." त्या वाक्याचीही फी मीच दिली, अण्णा. मुद्रांक भरला, नोंदणी फी भरली, साक्षीदारांना मिसळ घातली. माझा हक्क लिहून घ्यायला तुम्हाला एक साडी पुरली. तेच घर परत घ्यायला माझ्या बांगड्या गेल्या.

नोंदणीच्या दिवशी भावाला म्हटलं, वाच. मोठ्याने. "कशाला ताई, म्हायतीये सगळं." म्हटलं, वाच. राजीखुशीने या शब्दापाशी त्याची जीभ अडखळली. दस्त पुरा वाचून होईस्तोवर मी पेन त्याच्या हातात दिलं नाही. सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला, आणि बाहेर पायरीवर चार माणसांदेखत मी त्याला टॉवेल-टोपी दिली. घरी येऊन दारावरची तुमच्या नावाची पाटी मी स्वतः उतरवली. उट्टं निघालं म्हणून त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

काल खरेदीखत घेऊन बसले, तुमच्यासारखी ओळीखाली फूटपट्टी धरून. दक्षिणेस सामाईक खळं. अण्णा, ते खळं जाऊन तिथे दुमजली इमारत झाली त्याला किती वर्षं लोटली. मी रोज तिच्यापुढून जाते. दस्त मीच टाइप केला होता, तरी बोटांनी तुम्ही सांगितलेलंच उमटवलं. वकिलाला दिसलं नाही, भावाने मोठ्याने वाचलं त्यालाही नाही. आता चूक दुरुस्ती पत्र करायचं तर लिहून देणाऱ्याची सही पुन्हा लागणार. ज्याला टॉवेल-टोपी देऊन वाटेला लावलं त्यालाच फोन करायचा. अजून केलेला नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक सांगते. ती ओळ दिसली तेव्हा आधी भाऊ आठवला नाही, की पुन्हा होणारा खर्चही नाही. मी कागद झटकन पालथा घातला आणि दाराकडे बघितलं, तुम्ही आलात की काय म्हणून.