बेकरीवाल्या बाईंच्या बाकीबद्दल

मी, पुठ्ठ्याची खोकी करणारा, वय वर्षे चोपन्न, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुधवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मी काळजी करत नाही, व्यवस्था करत आहे. डोके ठिकाणावर आहे, कुणी कानाशी लागलेले नाही. वकिलांनी मसुदा दिला होता. त्याची भाषा चांगली होती, पण माझी नव्हती. हा कागद त्यांनी तपासला आहे.

१. राहते घर सामानासह माझ्या पत्नीचे. कारखाना उभा करताना तिने अंगावरचे दागिने काढून दिले आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. हे फिटणारे नाही. मोरीचा नळ जोर लावून फिरवू नये, आटे गेलेले आहेत.

२. बँकेतल्या ठेवी पत्नी आणि मुलगी यांना निम्म्या-निम्म्या.

३. कारखान्याची जागा आणि यंत्रे माझ्या धाकट्या भावाची. त्याच्या हातचे खोके माझ्यापेक्षा काटेकोर चौकोनी येते. तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून इथे लिहितो. मात्र गिऱ्हाइकांची येणी मुलीची, आणि वसुलीही तिनेच करायची. भावाने नाही.

कारण सांगतो. माझी शाळा आठवीत सुटली. वसुली मला दुकानांनी शिकवली. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी आपल्या खोक्यांकडे. गठ्ठे सुतळीत तसेच बांधलेले, वर धूळ, म्हणजे त्याचा माल खपलेला नाही. त्याला मुदत द्यावी, चहा घेऊन उठावे. गठ्ठे संपलेत आणि तोंडाने 'धंदा बसलाय' चालू आहे, तर आपणही तिथेच बसावे. मुलगी हे माझ्याबरोबर हिंडून शिकली आहे. भाऊ थेट नोटीस काढतो.

४. बूटवाले शेठ. यांच्याकडे आमची खोकी टिकत नाहीत, इतके बूट खपतात; पैसे मात्र आज-उद्या. मी गेलो की पडद्याआड जातात आणि नोकराकडून 'शेठ गावाला गेलेत' असे सांगवतात. पडद्याखालून पाय दिसतात. त्यांना माझ्या अंत्यविधीला येऊ द्यावे. त्या दिवशी पैसे मागू नयेत. दुसऱ्या दिवशी मागावेत.

५. बेकरीवाल्या बाई. सगळ्यांत मोठी बाकी यांची. नवऱ्यामागे बेकरी त्यांनी एकटीने सांभाळली. पुढे पाइप टाकायला दुकानासमोरचा रस्ता खोदला, तो खोदलेलाच राहिला. गिऱ्हाईक दारापर्यंत पोचेना आणि बाकी साठत गेली. भाऊ म्हणाला, दादा, तुझ्याच्याने मागवत नाही, भट्टी जप्त करू. मी त्याला बेकरीत नेले. केकची खोकी सुतळीत बांधलेलीच, छतापर्यंत रचलेली. तो म्हणाला, बघ, पैसे बुडाले. मी म्हटले,

"भट्टी उचललीस तर ही खोकी कशाने भरणार?"

त्याला पटले नव्हते. मी डोळे मिटले की तो जप्तीला जाईल. हे कलम त्यासाठीच आहे.

कारखान्यात पाणी शिरून सगळा पुठ्ठा भिजला, तेव्हा बाकीची गिऱ्हाइके दुसरीकडे वळली. या बाईंनी पुढच्या खोक्यांचे पैसे आगाऊ आणून टेबलावर ठेवले. खोकी जमतील तेव्हा द्या म्हणाल्या, कामगारांचे पगार अडवू नका. मी आज कारखानदार म्हणवतो तो त्या टेबलामुळे. म्हणून मी सगळी बाकी सोडून द्यायला निघालो होतो. त्या म्हणाल्या,

"भाऊ, माफ केलेलं घेतलं, तर उद्या तुमच्याकडे खोकी कोणत्या तोंडाने मागू?"

तेव्हा बाकी माफ नाही. विक्रीतून जमेल तेवढे दर शनिवारी, असा करार आम्ही वेगळ्या कागदावर केला आहे. मुलीने जावे. दुकानात गिऱ्हाईक असेल तर पाव घेऊन बाहेर थांबावे. भावाने भट्टीला हात लावला, तर त्याची यंत्रे मुलीची होतील.

६. जे वेळेवर पैसे देत आले, त्यांच्या दारात जावे लागत नाही, म्हणून त्यांची आठवणही राहत नाही. माझे घर त्यांच्या पैशांवर उभे आहे. मुलीने एकेकाला भेटून माझा नमस्कार सांगावा. त्या दिवशी सोबत बिल नेऊ नये.

शेरा: मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. बाईंना यातून काहीच मिळत नाही, म्हणून त्यांना बोलावले. त्यांनी चष्मा लावून पाचवे कलम वाचले आणि सहीआधी कागद माझ्या भावापुढे सरकवला. त्याने तिसरे कलमही वाचले. बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, "दादा, शनिवारी पोरीबरोबर मीही जातो. बाहेर थांबेन." वकिलांनी विचारले, मग भट्टीची अट खोडायची का. मी म्हटले, राहू दे.

लिहून ठेवणार: (सही) खोकेवाला
साक्षीदार: (सही) शेजारचे कुलूपवाले
साक्षीदार: (सही) बेकरीवाल्या बाई
ठिकाण: कारखान्याचा माळा
सोमवार, १४ मार्च २०२२