लिहिलेली बाजू खाली

प्रिय ताई,

उद्या सकाळी तुझ्या गोरेगावच्या घराची किल्ली सोसायटीच्या ऑफिसात द्यायची आहे. इमारत पाडणार आहेत. तू जाऊन सात महिने झाले, मी एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते, कारण एक गोष्ट हे घर उभं असतानाच कबूल करायला हवी. ताई, तुझं पुस्तक मी रद्दीत घातलं.

मुद्दाम नाही गं!

गेल्या महिन्यात घर आवरायला घेतलं, तेव्हा खिडकीखालच्या कपाटात चार गठ्ठे होते. वरचं पान पाहिलं, कॉलेजची जुनी प्रश्नपत्रिका. ‘वेळ : तीन तास. कोणतेही चार प्रश्न सोडवा.’ दुसरा गठ्ठा सोडला, तेच. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आणि या बाईने उरलेले पेपर अजून जपून ठेवलेत! हसले आणि रद्दीवाल्याला हाक मारली.

परवा रेश्मा आली, तुझ्या हाताखाली पीएच.डी. केलेली. दारातूनच म्हणाली, “मावशी, मॅडमचं हस्तलिखित न्यायला आलेय. एक प्रकाशक वाचायला तयार आहे.”

“कुठलं हस्तलिखित?”

“अहो, त्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर लिहायच्या ना! कोरी बाजू फुकट जाते म्हणून.”

मी तिला रिकामं कपाट दाखवलं.

तू पुस्तक लिहितेस हे मला माहीत होतं. कशावर लिहितेस ते कधी पाहिलं नाही. तुझ्या हातात कागद दिसले की वाटायचं, पेपर तपासतेय. आणि ठेवायचीस ती पानं पालथी, लिहिलेली बाजू खाली. तीस वर्षं सुपरव्हिजन केलीस ना! पेपर वाटायचा तो पालथा, घंटा होईपर्यंत उलटायचा नाही. ती सवय घरीसुद्धा का गं?

आम्ही दोघी धावत रद्दीच्या दुकानात गेलो. रद्दीवाला म्हणाला, “आंटी, वो माल तो उसी हफ्ते निकल गया. अब तो पुठ्ठा बन गया होगा.” रेश्मा तरी तिथले गठ्ठे उलटून बघत राहिली. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं.

बाबांची गिरणी बंद झाली तेव्हा तू नुकतीच शिकवायला लागली होतीस. बाबा एवढंच म्हणाले, “वरून ठरलं.” आईने देवाकडे पाहिलं. तू विचारलंस, “वर म्हणजे कुठे, बाबा? कुठल्या खोलीत? कोण बसलं होतं तिथे?” तेवढ्या एका प्रश्नात तुझा जन्म गेला. कुठल्या देशाने कुणाकडून कर्ज घेतलं, कोणत्या अटींवर, त्या अटी कोणी घातल्या, यातच तू बुडालेली. अर्थशास्त्रवाले म्हणायचे, हे आमचं काम. तुमचे राज्यशास्त्रवाले म्हणायचे, मॅडम, तुम्ही आपलं संविधान शिकवा. तू चहा पिता पिता सांगायचीस, “पैसा किती, ते त्यांनी मोजावं. हुकूम कोणाचा, ते मी बघते.”

परदेशात निबंध वाचलेस, इंग्रजीत पुस्तकं लिहिलीस. पण हे शेवटचं मराठीत हवं होतं, गिरणीत बाबांच्या खात्यात काम करणाऱ्या माणसांना समजेल असं. ते वाचायला बाबा राहिले नाहीत, म्हणून तू मला धरलंस. दर रविवारी, “बेबी, बस. एक प्रकरण वाचते. कुठे अडतेस तेवढं सांग.” आणि दर रविवारी माझं ठरलेलं, “मला नाही गं कळत. कॉन्व्हेंटची मी, माझं मराठी यथातथाच!” मला कॉन्व्हेंटात घालायचा हट्ट तुझाच होता. ‘ही तरी इंग्रजीत भांडू दे,’ म्हणाली होतीस. ते इंग्रजी मी तुझ्यापासून पळायला वापरलं.

मग तू विचारायचं सोडलंस. का सोडलंस? एकदा दम देऊन बसवायचं होतंस मला!

आज स्वयंपाकघर रिकामं केलं. डब्यांच्या फळीवर अंथरलेला कागद उचलला, तर खालून तुझं अक्षर. एकच पान, तेही खोडलेलं. नको असलेलं म्हणूनच फळीवर गेलं असणार. चांगलं ते सगळं मी घालवलं, उरलं ते तू टाकलेलं.

उभ्यानेच वाचलं. ‘आपल्या सोसायटीत एका घराला एक मत. देशांना कर्ज देणाऱ्या मोठ्या संस्थेत तसं नसतं. ज्याने जास्त पैसे घातले, त्याची मतं जास्त. ज्याला कर्जाची गरज, त्याचा आवाज सगळ्यात बारीक. तरी कागदावर सही त्याचीच लागते. मग ठरवलं कोणी म्हणायचं?’

आणि समासात लाल शाईने, ‘इथे बेबी अडेल. पुन्हा लिही.’

अडले गं ताई. अगदी तिथेच अडले. ते तू पुन्हा कसं लिहिलंस, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. रेश्माला आठवतंय तेवढं ती लिहील म्हणते, पण तिलाही माहीत आहे आणि मलाही, की ते तुझं नसेल.

पुस्तक परत आणीन असं खोटं वचन देत नाही. हे एक पान बोरिवलीला माझ्या घरी नेते. दर रविवारी ते मोठ्याने वाचीन, ऐकायला कोणी नसलं तरी. आणि ठेवताना लिहिलेली बाजू वर ठेवीन.

तुझी,
अजून त्याच ओळीवर अडलेली
बेबी