ताईची खुर्ची

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू रागावशील, पण कायदा काल मंजूर झाला. न्यायाधीशांची निवृत्ती आता पासष्टऐवजी साठाव्या वर्षी. पुढे राहायचं तर मंत्र्यांकडे मुदतवाढ मागायची, तीही वर्षावर्षाची. रिकाम्या जागाही मंत्रालयच भरणार, त्याही एकेका वर्षासाठीच. मसुदा माझा, सगळे म्हणतात छान झालाय. आईला कौतुकाने सांगायला गेले, तर तिने विचारलं की तुझ्या कोर्टातला पंखा दुरुस्त झाला का! दिवाणखान्यात तुझा काळ्या गाऊनमधला फोटो, माझा फ्रिजमागे. जळफळाट होतो गं माझा, लपवू कशाला?

तुझी साठी उलटलीय. अर्ज कर, मी मंत्र्यांच्या कानावर घालते. फक्त कारखान्याच्या धुराचा खटला आमच्या मंत्रालयाविरुद्ध आहे, तो जरा दमाने घे.

लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

तुझी धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

कायदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, शाळेत तुझं अक्षर होतं तशी. पण ज्यांच्याविरुद्ध निकाल द्यायचा, त्यांच्याच दारात मुदतवाढ मागायला उभं राहायचं? मग लोकांनी कोर्टात यावं कशाला, थेट मंत्र्यांकडेच जावं की! धुराने खोकणारी माणसं रोज समोरच्या बाकावर बसतात. त्यांना काय तोंड दाखवू? अर्ज करणार नाही.

हेव्याचं म्हणशील, तर फोटो माझा असला तरी दुखलंखुपलं की आई हाक तुला मारते. माझ्याशी फोनवर पाहुण्यासारखी बोलते. जळायला मलाही येतं.

तिला जप, आणि माझ्यावरचा लोभ रागातही सोडू नकोस.

तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. तू सोडलेल्या जागेवर मंत्र्यांनी माझी नेमणूक केलीय, एका वर्षासाठी. नाही म्हणायचं ठरवून गेले होते, तोंडातून हो निघालं. आयुष्यभर त्या खुर्चीवर डोळा होता गं! आईने फोटो काढून घ्यायला सांगितलंय, तुझ्याशेजारी लावायला.

धुराचा खटला आता माझ्यापुढे. मंत्र्यांनी काल चहाला बोलावलं, मुलांची चौकशी केली, खटल्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तरी कप तसाच ठेवून उठले. तुझा गाऊन पाठवशील का?

लोभ उरला असेल तर उत्तर दे.

तुझी धाकटी

८ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून माझाही जळफळाट झाला. दोन दिवस गाऊन कपाटाबाहेर काढला नाही. आज गाऊन पाठवलाय. खांद्याला उसवलाय, टाका घाल. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईला बोलताना धाप लागते, तिचं पुरतं ऐकून घे.

लहानपणी माझे जुने फ्रॉक आखूड करून तुला घालायचे आणि तू रुसून बसायचीस. खुर्चीही माझीच उतरलेली मिळाली. फक्त या वेळी ती आखूड तू स्वतःच्या हाताने केलीस.

लोभ आहेच. त्याला मुदतवाढ मागावी लागत नाही.

तुझी ताई